जुन्या अक्षरांचे तारे

१६ नोव्हेंबर, कोचकोर

आज मेलिस आला होता. आमच्या गावच्या संस्कृती भवनाचा प्रमुख. टोपी हातात घेऊन दारातच उभा. काही मागायचे असले की तो टोपी काढतो आणि 'एजे', म्हणजे मोठी ताई, अशी सुरुवात करतो.

भवनाचे छप्पर गळले. नव्या वर्षाच्या झाडावर टांगायच्या सामानाचा खोका पाण्यात भिजून गेला. काचेचे गोळे फुटले आणि कापसाचा 'आयाज़ आता', मुलांना भेटी वाटणारा आमचा थंडीचा आजोबा, कुजून त्याला वास यायला लागला.

"सालकिन एजे, बाजारातलं प्लास्टिक टांगायला जीव होत नाही. पूर्वी घरोघरी करायचे ना सगळं? रद्दीतून, चॉकलेटच्या चांदीतून?"

"तू करायचास?"

"माझी आई करायची."

"मग आईला सांग."

"तिनंच तुमच्याकडे पाठवलं. म्हणाली, मेंढ्या आणि बायका, दोन्ही फक्त सालकिनचं ऐकतात."

मी हो म्हटले. अटी घातल्या: जागा गरम हवी, कात्र्यांना धार हवी आणि मेलिसने मधे मधे येऊन सूचना करू नयेत. त्याने सगळे मान्य केले.

जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरीभर दवाखान्यात रोजची नोंद लिहिली. निवृत्त झाल्यापासून ती सवय सुटली होती. या कामाची नोंद ठेवीन म्हणते.

घरात मी आणि सून बेगायिम. मुलगा एर्मेक रशियात बांधकामावर आहे. सुनेचे दिवस फेब्रुवारीत भरतील. हे बसून करायचे काम आहे, तिलाही चालेल.

२० नोव्हेंबर

भवनात कामाला सुरुवात केली. सहा-सात बायका येतात. लोकांनी माळे रिकामे केले: जुनी मासिके, फाटके नकाशे, शुभेच्छापत्रांचे गठ्ठे, चहाची वेष्टने, गाण्यांच्या स्वरलिपीची पाने. नकाशांचे कंदील छान होतात. सायबेरिया मोठा असल्यामुळे एकट्या त्यातून तीन निघाले. शुभेच्छापत्रे पाठीला पाठ लावून काजटाक्याने शिवायची आणि त्यांच्या डब्या करायच्या. आयाज़ आतासाठी वर्तमानपत्रांचा लगदा भिजत घातला आहे.

शेजारची उम्सून खळ शिजवते. ती पोस्टात होती. कामापेक्षा तोंड जास्त चालते.

"सालकिन, या आयाज़ आताच्या पोटात निवडणुकीची बातमी गेली बघ. पोरांना काही द्यायचा नाही हा. नुसता वायदा करील."

बेगायिमचा हात फार चांगला आहे. घडी घालून आठ टोकांचा तारा असा कापते की उलगडल्यावर चुणी दिसत नाही. पण वाकून बसते. तीनदा सांगितले. "बरं, आपा," म्हणते आणि पुन्हा वाकते.

२५ नोव्हेंबर

उम्सूनने माळ्यावर लोकरीखाली सापडलेली पाने आणली. सुटी, पिवळसर, जाड. छापील अरबी अक्षरे, कडेने वेलबुट्टी. पहिले पान नाही.

"सासऱ्यांचं असणार," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "कुराण तर नसेल ना गं?"

"तुझा सासरा कम्युनिस्ट पार्टीचा माणूस होता. मशिदीची धान्यकोठी केली तेव्हा पुढे कोण होतं?"

"म्हणून तर लपवलं असेल!"

आम्हा किर्गिझ लोकांची ही एक कटकटच आहे. तीन पिढ्यांत तीन लिप्या झाल्या. आजोबा अरबी अक्षरांत शिकले, वडील लॅटिन, आम्ही रशियन. आजोबांचा कागद नातवंडांना मुका. मग जे वाचता येत नाही ते पवित्र, असा सोपा हिशेब होऊन बसला. वेलबुट्टी तर त्या काळी साबणाच्या वेष्टनावरही असे.

बेगायिम म्हणाली, "आपा, हे नको कापू या."

"वाचता येतं तुला?"

"नाही."

"मग नको कशावरून?"

"वाचता येत नाही म्हणूनच."

इतका चांगला कागद आता मिळत नाही. मी तिच्या हातात कात्री दिली. तिने कापले. एकेक तारा नुसता पाहत राहावा असा. शेवटी तिचे डोळे लाल दिसत होते. उम्सूनने खळीत मोरचूद जास्त घातले असावे. तिला बजावले.

२ डिसेंबर

काल सजावट नीट दिसते का ते पाहायला भवनाच्या दालनात दोऱ्यांवर सगळे टांगले. आज सकाळी औषधांच्या दुकानात जाणारी एक म्हातारी थंडी वाजते म्हणून आत शिरली. तिने तारे पाहिले, एक हातात घेतला, कपाळाला लावला आणि मोठ्याने रडू लागली. कोणी तरी फोनवर त्याचे चित्रण केले. दुपारपर्यंत सगळ्या कोचकोरला माहीत: सालकिनने कुराण कापून झाडाला टांगले.

मेलिस टोपी पिळत होता. "एजे, मी म्हणत नाही की ते तसं आहे. पण उतरवू या ना."

"वाचून दाखवेल कोणी?"

"वाचायला कोण थांबतंय, एजे?"

बायका उद्यापासून येणार नाहीत. एकीची गाय व्यायची आहे, दुसरीच्या गुडघ्यात कळ आली. ती गाय मीच तपासली होती. ती मार्चमध्ये व्यायची आहे.

झाड राहिले तर राहिले. मला कुणी काही म्हटले तर फरक पडत नाही.

३ डिसेंबर

सकाळी बेगायिमच्या पोटात दुखायला लागले. डॉक्टरकडे नेले. बाळ ठीक आहे, विश्रांती घ्या म्हणाले. परत येताना ती गाडीत रडत होती.

"माझ्या हातांनी कापलं, आपा. माझ्या हातांनी."

दुपारी तिचा भाऊ आला. सेमिझबेलला, माहेरी घेऊन जातो म्हणाला. आमच्यात सून सासूला न विचारता माहेरी जात नाही. तिने विचारले नाही. मीही अडवले नाही. तिच्या पिशवीत लोकरीचे जाड मोजे घातले. तिचे घर ओढ्याकाठी आहे, गारठा फार.

उम्सून सांगत होती, त्या गावात लोक म्हणतात की आता ती बाळंत होईपर्यंत तरी येणार नाही. आणि मग नातवंडही तिकडेच. असे झालेले मी पाहिले आहे. दोन घरे सांगू शकते.

एर्मेकचा फोन आला.

"आई, तू तिला काही बोललीस का?"

"नाही. एक शब्द नाही."

"तेच ना, आई. एक शब्द नाही."

फोनवर नीट ऐकू येत नव्हते.

४ डिसेंबर

सेमिझबेलच्या गाडीवाल्याबरोबर लोहाच्या गोळ्या पाठवल्या. ती विसरून गेली होती. फोनमध्ये बोलून निरोप पाठवला: "गोळी जेवणानंतर. चहाबरोबर नाही." उत्तर नाही. निळी खूण उमटली, म्हणजे ऐकले.

६ डिसेंबर, शुक्रवार

तेल फार दिवस उघडे होते, खवट होण्याआधी संपवावे म्हणून बोर्सोक, कणकेचे छोटे तुकडे, तळले. उम्सून वास घेत आली.

"सालकिन! तू? शुक्रवारी तेलाचा वास काढतेस? पितरांसाठी?"

"तेल खराब होत होतं."

"हो हो. आणि हात पसरून काय पुटपुटत होतीस?"

"भाजलं होतं."

निम्मे बोर्सोक बेगायिमला पाठवले. निरोप: "एका वेळी दोनच. जळजळेल."

८ डिसेंबर

भवनात जाऊन सगळे तारे उतरवले. कापताना पडलेले बारीक तुकडे फटींत अडकले होते. ते वाकून चिमट्याने काढावे लागले. घरी आणून ओल्या फडक्याखाली इस्त्री केली, पांढऱ्या कापडात बांधून कपाटाच्या माथ्यावर ठेवले. खाली ठेवले तर उंदीर कुरतडतात.

तुकडे काढताना उम्सून भवनाच्या दारात उभी राहून बघत होती. मदत नाही केली. नंतर फोनवर कुणाशी तरी कुजबुजत होती.

निरोप: "पाय उशीवर ठेवून बस."

१० डिसेंबर

मशिदीत गेले. इमाम तरुण आहे, सभ्य आहे. मला बसायला गादी दिली. एक पान उजेडाला धरून बराच वेळ पाहत राहिला.

"अक्षरं अरबीसारखी आहेत, एजे, पण काही भलतीच आहेत. भाषा अरबी नाही, एवढं सांगतो."

"म्हणजे कुराण नाही."

"कुराण नाही. पण प्रार्थना आपल्या भाषेतही छापत असतील त्या काळी. जे मला वाचता येत नाही त्यावर मी कसा बोलू?"

वाचता येत नाही म्हणूनच. हे वाक्य आता मला सगळ्यांकडून ऐकायला मिळते आहे.

घरी आले. एकटीचा स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. पोळीबरोबर कुरुत, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, खाल्ले.

१३ डिसेंबर

आज घडले ते सविस्तर लिहिते.

मेलिसने दिव्यांची माळ आणायला सांगितली होती. झाड तर उभे करावेच लागणार, मुले येतील. बाजारात माम्बेतचे दुकान आहे. तो आमच्यातलाच, किर्गिझ, पण सीमेपलीकडचा, चीनच्या बाजूचा. इकडे येऊन त्याने मोठा धंदा जमवला. गाडी मोठी, पोट मोठे, आवाज सगळ्यात मोठा.

"या, आमच्या डॉक्टरीणबाई! माणसांना तपासता का आता? माझी बायको म्हणते मी बैल आहे, बघा जरा!"

मी माळ बघत होते. तो आलेल्या खोक्यांवर जाड पेनाने काही लिहीत होता. उजवीकडून डावीकडे. आकड्यांसारखी वळणे, वर ठिपके. मी पुढे जाऊन पाहिले. तीच अक्षरे.

"हे काय लिहिलंस?"

"हे? पायमोजे, एजे. पुरुषांचे, काळे."

"हे वाचता येतं तुला?"

माम्बेत माझ्याकडे बघतच राहिला. "मीच लिहिलंय, एजे."

"म्हणजे, ही अक्षरं."

"आमच्याकडे याच अक्षरांत शिकवतात. तिकडे आपली भाषा अजून अशीच लिहितात. तुमच्या इथे दोनदा मोडतोड झाली, आम्ही जिथल्या तिथेच."

सगळे गाव दहा दिवस कुजबुजत होते आणि हा इथे पायमोजे लिहीत बसला होता. बातमी याच्या कानावर नव्हती. तो माल आणायला सीमेवर गेला होता.

मी दिव्यांची माळ काउंटरवर ठेवून दिली. उद्या सकाळी इमामाला घेऊन येते म्हणाले.

"इमामाला? का? मोज्यांचं काय चुकलं?"

१४ डिसेंबर

मी, उम्सून, इमाम. मेलिसही आला, टोपी घालून. पांढऱ्या कापडातली गाठ मी सोडली. माम्बेतने हात धुतले, हे बरे केले. कापलेले तारे काउंटरवर उलगडून एकाशेजारी एक लावले, जिगसॉसारखे. दुकानात गिऱ्हाईक होते, सगळे थांबले. मी नेहमीपेक्षा ताठ उभी होते. काउंटरला हात लावला होता, तो गुळगुळीत आहे म्हणून.

माम्बेतने घसा साफ केला.

"'...अशी मेंढी,'" त्याने वाचले, "'खांबाला अंग घासते आणि दातांनी लोकर उपटते. तिच्या कातडीवर...'" तो थांबला. "'खपल्या धरतात.'"

उम्सून पुढे सरकली.

"पुढे वाच," मी म्हणाले.

"'खरूज झालेली मेंढी दिसताच कळपापासून वेगळी करावी. तंबाखू पाण्यात उकळून, गंधक आणि चुना...'"

"किती गंधक?"

"काय?"

"प्रमाण दिलं असेल. किती?"

त्याने वाचले. कमी होते. एवढ्याने खरूज जात नाही, उलट वाढते. मी नोकरीत पाहिले आहे. तसे सांगितले. इमाम आधी गंभीर होता. मग त्याचे खांदे हलू लागले. मग तो पोट धरून हसला, आणि सगळे दुकान हसले.

उम्सून तोंडावर रुमाल घेऊन ओरडली, "म्हणजे माझ्या सासऱ्यानं लोकरीखाली मेंढ्यांची खरूज लपवून ठेवली होती! आणि मी आठवडाभर त्याच्यापुढे हात पसरून दुवा मागत होते!"

"दुवा वाया जात नाही, एजे," इमाम डोळे पुसत म्हणाला. "मेंढ्यांना पोचली असेल."

सगळी पाने वाचली. पशुपालनाचीच पुस्तिका होती, गावोगाव वाटलेली असणार. माझ्याच विद्येची पाने मला वाचता आली नाहीत, हे उम्सूनने वाटेत तीनदा म्हणून दाखवले. इमाम म्हणाला, येत्या शुक्रवारी मीच सगळ्यांना सांगतो, आणि उशीर झाला त्याबद्दल माफ करा. त्याने मला एका कागदावर तसे लिहून सहीही करून दिली.

दुकानात शेगडी फार पेटवली होती. म्हणून माम्बेतच्या पायमोज्यांच्या खोक्यावर जरा बसले.

१५ डिसेंबर

सकाळच्या पहिल्या गाडीने सेमिझबेल. इमामाचा कागद, पाने, आणि काय बोलायचे ते ठरवून गेले होते. पहिल्यांदा बाळाची चौकशी, मग पुस्तिकेची हकीकत, मग 'आता चल' म्हणायचे. 'येतेस का' असे विचारायचे की 'चल' म्हणायचे, यावर वाटेत बराच विचार केला.

दारात बेगायिमची आई भेटली. फडक्याने हात पुसत म्हणाली, "या, या. बरं झालं आलात. सकाळपासून अशीच बसलीय."

आत पाहते तर बेगायिम कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, पायाशी पिशवी ठेवून बसलेली. भाऊ गाडी आणायला गेला होता. कोचकोरला जायला.

मला पाहून उठू लागली. मी म्हटले, बस, एकदम उठू नये. ती बसली. मी ठरवलेले सगळे विसरले आणि पाने समोर ठेवून म्हणाले, "मेंढ्यांची खरूज."

"काय, आपा?"

मग सांगितले. सगळे सांगितले, माम्बेत, पायमोजे, गंधकाचे प्रमाण. ती इतकी हसली की तिच्या आईने तिचे पोट धरले. हसता हसता रडली, आणि पुन्हा हसली.

चहा घेताना तिची आई म्हणाली, "रोज तुमचा निरोप आल्याशिवाय जेवत नव्हती बघा. परवा तुमचा उशिरा आला, तर खिडकीतून रस्त्याकडे बघत बसली. आणि त्या उम्सूनबाईंनी फोन केला होता, तुम्ही जमिनीवर गुडघे टेकून चिमट्याने तुकडे गोळा करताय म्हणून. त्या दिवशी तर..."

"आई," बेगायिम म्हणाली.

गोळ्यांच्या वेळा पाळत होती, हे ऐकून बरे वाटले.

गाडीत मी तिला विचारले, "तुला कधी कळलं? कोणी फोन केला?"

"काय कळलं?"

"खरजेचं."

"आत्ता तुम्हीच सांगितलंत ना, आपा."

"मग कोट घालून कुठं निघाली होतीस?"

तिने खिडकीबाहेर पाहिले. "घरी," म्हणाली.

मग ती आधीच का निघाली होती, ते मला उलगडले नाही. गरोदर बायकांना लहर येते. वाटेत तिने माझ्या खांद्यावर डोके ठेवले आणि झोपली. गाडी फार उडत होती, म्हणून मी तिला धरून ठेवले.

२१ डिसेंबर

काल इमामाने सांगितले. आज सगळ्या बायका परत आल्या. गाय आणि गुडघा दोन्ही बरे झाले. ती म्हातारीही आली, लाजत, साखरेचे खडे घेऊन. म्हणाली, कपाळाला लावल्यापासून माझी सर्दी गेली, काही असो.

जे तारे कापले होते ते पुन्हा टांगले. जी पाने कापायची राहिली होती ती बेगायिमने मागून घेतली. कापायला नाही. माम्बेतकडून ती अक्षरे शिकणार म्हणते. तिने त्याला विचारलेही आहे. तो आवाज चढवून म्हणाला, पहिला शब्द पायमोजे.

मी म्हटले, बसून करायचे काम आहे, चालेल.

३१ डिसेंबर

भवन मुलांनी भरले होते. झाड छताला लागले. सायबेरियाचे कंदील, चहाच्या वेष्टनांच्या साखळ्या, बेगडाचे झुंबर, आणि मध्ये ते तारे. उम्सून प्रत्येक मुलाला उभे करून हकीकत सांगत होती, आणि दर वेळी सासरा थोडा अधिक धूर्त होत होता. आयाज़ आता सुकला. एक डोळा जरा खाली आला आहे, पण बिचारा निवडणुकीच्या बातम्यांचा आहे, चालायचेच.

झाड जरा कलले होते आणि ते सरळ करायला दोरी ओढणाऱ्यांचे चुकत होते. मी त्यांना जरा सांगत होते, कसे धरायचे ते.

बेगायिम मागे खुर्चीवर बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर, मी सांगितले तसे. तिने हाक मारली.

"आपा."

"काय?"

"हळू बोला ना. तुम्ही ओरडलात की हे दचकतं." आणि माझा हात धरून पोटावर ठेवला.

आजवर या मुलीने मला असे काही सांगितलेले नाही. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत राहिल्या. मेलिसने टोपी काढली.

बाळ खरेच हलत होते.

मी दोरीवाल्यांना पुन्हा सांगितले, हळू आवाजात. झाड सरळ झाले. हळू बोलूनही काम होते, अशी नोंद घेते.